विरजणाची फळी

कुणाच्याही घरी गेले की मी आधी स्विचबोर्डाला हात लावते. बारसं असो, साखरपुडा असो, कुणी गेल्यावर भेटायला गेलेली असो. हात लावायचा तोही उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने. आमच्या धंद्यात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. शॉक बसला की मूठ आपोआप मिटते. तळहात लावलेला असेल तर ती वायरीवरच मिटते आणि सुटत नाही. उलटा असेल तर हात बाजूला तरी उडतो. शिवाय गरम-गार ओळखायला मागची कातडी जास्त शहाणी असते. माझी सून म्हणते, "आई, निदान व्याह्यांच्या घरी तरी भिंती चाचपू नका." मी हो म्हणते आणि चाचपते.

सवय धंद्याची असली तरी तिला भीती चिकटली ती ठाकूरद्वारच्या एका दुपारी. तीच सांगायला बसले आहे.

मी वायरमन. वायरवुमन असा शब्द परवान्यावर नसतो. नायगावच्या बीडीडी चाळीत वाढले, आणि जयंतीच्या रोषणाईच्या माळा जोडताजोडता या कामाची गोडी लागली. आयटीआयला वायरमनच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. नंतर पस्तीस वर्षं गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात शिडी खांद्यावर घेऊन फिरले. दार उघडणारा माणूस माझ्या पाठीमागे बघायचा आणि विचारायचा, "मिस्त्री कुठायत?" मी म्हणायची, "मीच." मग तो म्हणायचा, "हो, पण काम कोण करणार?" पहिली दहा वर्षं या प्रश्नाचा राग यायचा, पुढे मी त्याला वहिवाट समजले.

पूर्वी घर म्हणजे दोन ट्यूब, पंखे, फ्रिज, टीव्ही आणि उन्हाळ्यात फार तर एक कूलर. त्या हिशेबाने भिंतीत वायरी घातलेल्या. मग घरात कॉम्प्युटर शिरले, आणि लॉकडाऊननंतर तर घोळक्याने शिरले. दादरला एक निवृत्त बँक अधिकारी होते. मुलगा, सून, दोन नातवंडं, चौघांचे चार कॉम्प्युटर एकाच बोर्डावर, आणि त्याच लाइनवर एसी. रोज अकराच्या सुमाराला एमसीबी पडायचा. एमसीबी म्हणजे भिंतीवरच्या डब्यातलं ते छोटं बटण, जास्त वीज ओढली गेली की स्वतःहून खाली पडून लाइन तोडणारं. साहेबांनी त्याला वर धरून चिकटपट्टी मारली होती. "आता पडतोच कसा बघतो," मला म्हणाले. मी सांगितलं, "साहेब, तो आतून पडतो. बाहेरचं बटण धरून ठेवलंत तरी त्याचं काम तो करणारच." त्यांना ते मनापासून आवडलं नाही. घरातल्या त्या चौघांनंतर आपलं न ऐकणारा हा पाचवा, असा चेहरा झाला त्यांचा.

अशी गिऱ्हाइकं परवडतात, कारण त्यांची चूक दिसते. ठाकूरद्वारला चूक दिसत नव्हती, कारण ती नीट, सफाईने केलेली होती. मी केली होती.

ती चाळ एका वाडीत आत होती, तीन मजल्यांची. दुसऱ्या मजल्यावर मालती काकू आणि अप्पा राहायचे. मी कामाला लागल्याच्या पहिल्या वर्षी काकूंकडे पंखा बसवायला गेले होते. त्या काळात चाळीचाळीतून नाव सांगितलं की लोक आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकून पाण्याचा पेला वेगळा काढायचे. काकूंनी आडनाव विचारलंच नाही. "जेवलीस का गं?" विचारलं, आणि आपल्याच ताटाशेजारी ताट मांडून दहीभात वाढला. ते मी विसरलेले नाही. पुढे त्यांच्या घरचं काम मी हातचं सोडून करायची.

अप्पांची फुप्फुसं अलीकडे निकामी होत चालली होती. त्यांच्या खाटेशी ऑक्सिजनचं मशीन असायचं, हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात सोडणारं. ते विजेवर चालतं. दहा मिनिटं बंद पडलं तरी अप्पांचे ओठ निळसर व्हायचे.

त्यांच्या शेजारच्या खोलीत मंदार आणि अनघा. मंदार ज्या ॲनिमेशनच्या कंपनीत होता ती बंद पडली, आणि जाताना त्याने तिथले आठ जुने कॉम्प्युटर घरी आणले. नवराबायको मिळून बिल्डर लोकांना चित्रफिती करून द्यायचे: अजून न बांधलेला टॉवर, त्याचा पोहण्याचा तलाव, गच्चीवरची झाडं, झाडांखाली हसणारी माणसं. सगळं कॉम्प्युटरवर काढायचं आणि मग ते खरं वाटावं म्हणून त्यावर ऊन-सावली चढवायची. याला ते रेंडर म्हणतात. त्यात आठही मशीनं तासन्‌तास पूर्ण जोरात चालतात. दहा बाय अठराच्या खोलीत पन्नास मजली टॉवर उभे राहत होते, आणि एमसीबी पडत होता.

मंदारने मला बोलावलं. खरा उपाय सरळ होता. वीज कंपनीकडे अर्ज करून भार वाढवून घ्यायचा आणि खाली मीटरपासून वरपर्यंत नवी जाड केबल ओढायची. पण चाळ पुनर्विकासात निघालेली. मालकाची संमती हवी, आणि मालक म्हणे, पाडायच्या चाळीला आता केबल कशाला? अर्ज तिथेच अडकला. इकडे मंदारच्या हातात मोठं काम आलेलं.

तेव्हा मालती काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अरे मग आमच्याकडून वायर घे की. आमच्याकडे आहे काय, एक पंखा आणि ह्यांचं मशीन."

चाळीत वाढलेल्यांना हे सांगायला नको. कुणाकडे मुंज असो, सत्यनारायण असो, कुणाचा फ्यूज उडालेला असो, शेजारी आपल्या खोलीतून वायर टाकतो. त्यात उपकार नसतो. वाटीभर साखर द्यावी तशी लाइट द्यायची. काकूंचं ऐकून पलीकडच्या देसाईंनी एक वायर देऊ केली आणि कोपऱ्यातल्या परब वहिनींनी दुसरी. हे नियमात बसत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्याच्या मीटरवरून वीज घेता येत नाही, आणि माझ्या परवान्यावर तर मुळीच देता येत नाही. पण काकू म्हणत होत्या.

मी ते काम फार देखणं केलं. जाड तांब्याच्या वायरी, पाइपातून नेलेल्या, प्रत्येकीला स्वतंत्र एमसीबी. चाळीत वीज तीन फेजमधून येते, म्हणजे तीन वाटांनी. काही खोल्या एका वाटेवर, काही दुसऱ्या. मी मुद्दाम बघून घेतलं की तीन शेजाऱ्यांच्या तीन वेगळ्या वाटा आहेत. आठ कॉम्प्युटर तिन्हींवर सारखे वाटून टाकले. चिमटा मीटर लावून तिन्ही फेज मोजले. अगदी समसमान. मंदारला म्हटलं, "इंजिनियर पण असं करणार नाही." तो म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणजे ना!" आणि मी फुगले.

आता बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगावी लागेल. वीज येते तीन वाटांनी, पण परत जाते एका वायरीने. तिला न्यूट्रल म्हणतात. तिन्ही वाटांवर सारखं वजन असेल तर परतताना ते एकमेकांना खोडून काढतं, आणि न्यूट्रलवर जवळजवळ काहीच उरत नाही. म्हणून जुन्या काळी मजल्याला मिळून एकच न्यूट्रल घालत, तोही बारीक. बल्ब-पंख्यांच्या दिवसांत हे चालून गेलं. कॉम्प्युटर मात्र, त्यातून स्वस्तातले जुने, वीज एकसारखी ओढत नाहीत, गचके देत ओढतात. हे गचके परतताना एकमेकांना खोडत नाहीत. न्यूट्रलवर ते एकावर एक चढतात. म्हणजे मी जितकं समसमान वाटलं, तितकी न्यूट्रलकडे कुणाची नजर जाऊ नये अशी सोय केली. त्याच्यावर एमसीबीही नसतो. तो तापतो आणि गप्प राहतो.

मी तिन्ही फेज मोजले. न्यूट्रल मोजला नाही. पस्तीस वर्षांत कधी गरज पडली नव्हती.

दीड महिना सगळं सुरळीत चाललं. जानेवारीत मी वाडीत दुसऱ्या कामाला गेले होते, दुपारी काकूंनी हाक मारली. "सुनंदा, दोन घास खाऊन जा." अप्पा खाटेवर बसून पेपर वाचत होते, नाकात नळी. मशीनचा घुर्र-फुस्स आवाज चालू होता. शेजारून भिंतीतून कॉम्प्युटरच्या पंख्यांची घरघर येत होती. काकूंनी दहीभात वाढला. दही सुरीने कापावं इतकं घट्ट.

"काकू, थंडीत इतकं छान कसं लागलं?"

"अगं, गंमतच आहे. हल्ली मी विरजण त्या रेडिओच्या फळीवर ठेवते. तीन तासांत लागतं बघ. ती फळी महिनाभर अशी उबदार असते, जागृत असल्यासारखी."

दाराशेजारी खांद्याइतक्या उंचीवर एक जुनी फळी होती, पूर्वी तिच्यावर रेडिओ असायचा. फळीखालून लाकडी पट्टी जात होती. त्या पट्टीत मजल्याचा न्यूट्रल होता, आणि फळीच्या बरोबर मागे त्याचा जुना सांधा.

घास तोंडात तसाच राहिला. उठले, उलटा हात पट्टीवर ठेवला आणि तव्याला लागावा तसा मागे घेतला.

"आज लाइट पण किती छान आहे नाही?" काकू म्हणाल्या. अप्पांच्या डोक्यावरचा बल्ब क्षणभर लख्ख उजळला, पुन्हा खाली आला, पुन्हा उजळला.

बल्ब तसा उजळतो तेव्हा सांधा सुटायच्या बेतात असतो. न्यूट्रल तुटला की परतीची वाट बंद होते, आणि एका फेजची वीज दुसऱ्या फेजच्या घरातून वाट काढते. दोनशे तीसच्या जागी कुणाच्या घरात तीनशेच्या वर, कुणाच्या घरात शंभर. ज्याच्या घरात तीनशेच्या वर जाईल तिथलं मशीन जळणार. कुठल्या घरात ते आधी सांगता येत नाही. त्या मजल्यावर श्वास चालवणारं मशीन एकच होतं.

"काकू, अप्पांचं सिलिंडर कुठाय? छोटं?"

"ते भरायला दिलंय. परवा येईल. का गं?"

सगळे कॉम्प्युटर एकदम बंद करावेत, असं कुणालाही वाटेल. पण तापलेला सांधा एकदम गार पडला की आकसून निसटू शकतो. म्हणून आधी अप्पांना या मजल्याच्या लाइनवरून हलवायचं आणि मग भार हळूहळू उतरवायचा. पहिल्या मजल्याचा न्यूट्रल वेगळा होता. तो मीच काही वर्षांपूर्वी नवा घातला होता. दुसऱ्या मजल्याने तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" म्हटलं होतं. म्हणजे यांचा न्यूट्रल जुना आहे, हेही मला माहीत होतं.

गॅलरीत जाऊन खाली ओरडले, "महाडिक! वायर टाका! अप्पांच्या मशीनला!"

महाडिक पहिल्या मजल्यावरचे, बसचे निवृत्त ड्रायव्हर. का, कशाला, एक शब्द विचारला नाही. मी काकूंची भाजीची टोपली दोरीने खाली सोडली. दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांत मी कठड्याला धरून मागच्या बल्बकडे बघत होते आणि मनात त्याला विनवत होते. टोपलीत एक्स्टेन्शन बोर्ड घालून महाडिक म्हणाले, "ओढा! माझ्या टीव्हीच्या सॉकेटला लावलीय, हाताने दाबून धरतो हवं तर!"

एवढ्यात मंदार दारात आला. मी घाईघाईत सांगितलं काय झालंय ते, आणि मशीन हलवलं तरी सांधा असाच तापत राहिला तर अप्पांच्या दाराशीच आग लागेल, हेही. त्याचा चेहरा उतरला.

"ताई, वीस मिनिटं. रेंडर संपत आलंय. मध्ये तोडलं तर पहिल्यापासून सगळं. चारला द्यायचंय, नाही दिलं तर ते काम दुसऱ्याला देतील. फक्त वीस मिनिटं."

मी काही बोलले नाही. आजही विचार करते, का बोलले नाही. ते आठ कॉम्प्युटर मी जोडून दिले होते. त्याचं काम बुडालं तर तेही माझ्यामुळेच बुडणार होतं.

बोलले ते अप्पा. नळी सरळ करत, एकेक शब्द तोडत म्हणाले, "होऊ दे त्याचं. वीस मिनिटं... मी थांबतो."

त्यांना कशासाठी थांबायचंय ते कळलं नव्हतं असं नाही. त्यांना पुरतं कळलं होतं. शेजाऱ्याची अडचण आहे, आपण जरा कळ काढू, एवढा साधा तो विचार. चाळीत पाण्याच्या नळावर म्हणतात तसं म्हणाले, तुमचं होऊ द्या आधी.

मंदार दोन पावलं मागे सरकला. "नको, अप्पा," म्हणाला. आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडला, "अनघा, ताई सांगतील तसं एकेक बंद कर. हो, सगळे. नाही, सेव्ह होणार नाही."

मी मशीनचा प्लग काढला. घुर्र-फुस्स थांबलं आणि अप्पांचा श्वास ऐकू आला. पिन नव्या बोर्डात जाईना. पस्तीस वर्षं प्लग लावणारी बाई, आणि तीन पिना तीन भोकांत जाईनात. काकूंनी माझ्या मनगटाखाली आपला हात धरला. तेव्हा ती पिन गेली. मशीन पुन्हा घुरघुरलं.

मग शेजारून एकेक पंखा बंद होत गेला. मी मोजत होते. सहावा बंद झाला आणि फळीमागे काहीतरी चटकलं. अप्पांच्या डोक्यावरचा तो बल्ब डोळे दिपतील असा पेटला आणि फुटला. परब वहिनींचा टीव्ही गेला, देसाईंचा फ्रिज गेला. अप्पांचं मशीन पहिल्या मजल्याच्या विजेवर चालत राहिलं. खालून महाडिक विचारत होते, "लागली का? सोडू का हात?"

मीटरच्या कपाटापाशी जाऊन मजल्याची मेन खाली पाडली आणि पायरीवर बसून रडले. मग वर येऊन पट्टी उघडली. सांधा हातात आल्यावर काळ्या भुशासारखा विस्कटला.

संध्याकाळपर्यंत तात्पुरता जोड दिला, आठवड्याभरात मजल्याचा नवा न्यूट्रल घातला, आणि शेजाऱ्यांकडून घेतलेल्या तिन्ही वायरी काढल्या. मंदारचं ते काम गेलं. पुढे त्याने लालबागला एक गाळा भाड्याने घेतला, तिथलं वायरिंग मीच करून दिलं, आणि न्यूट्रल दोनदा मोजला. तो मला एका शब्दानेही कधी बोलला नाही.

आता ती चाळ रिकामी झाली आहे. काकू आणि अप्पा परळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. अप्पांचं मशीन चालू आहे. काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "ही सुनंदा. हिने ह्यांना वाचवलं. दही खाताखाता उठली आणि वाचवलं." लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात आणि मी स्विचबोर्ड चाचपायला उठते. पट्टी जुनी होती, सांधा कुजला होता, मालक लक्ष देत नव्हता, असं सगळ्यांना वाटतं. त्यातलं काहीच खोटं नाही, म्हणून गप्प राहणं सोपं गेलं.

थंडी पडली की काकूंचा फोन येतो. "सुनंदा, इथे दही काही धड लागत नाही गं. ती फळी म्हणजे फळीच होती." मी म्हणते, "हो ना काकू." दर वेळी एवढंच म्हणते, आणि फोन ठेवल्यावर जेवण जात नाही.

काकू वाचनालयातून सगळे दिवाळी अंक आणून वाचतात, जाहिरातींसकट. हाही वाचतील. म्हणून हे इथे लिहिते, कारण समोर बसून माझ्याने होणार नाही.

काकू, ती फळी मी तापवली होती. पुढचा फोन कराल तेव्हा दह्याचं नंतर सांगा. आधी मला काय बोलायचं ते बोला.